आभासी जग, ऑनलाइन समुदाय आणि आपला वर्ग : वांगणीतला एक अनुभव



‘आभासी’ म्हटलं की आपल्याला वाटतं, खोटं. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली की आपण म्हणतो, “खऱ्या जगात ये.” पण पडद्यापलीकडे बसलेलं माणूस खरंच असतं, आणि त्याच्याशी बोलताना होणारा आनंद किंवा अपमानही खराच असतो. हे मला माझ्या चौथीच्या मुलांनी शिकवलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

आभासी जग म्हणजे संगणकाने उभं केलेलं असं ठिकाण, जिथे आपण फिरू शकतो, काही बांधू शकतो, इतरांना भेटू शकतो. २००३ साली आलेलं सेकंड लाइफ किंवा मुलांचं आवडतं माइनक्राफ्ट ही त्याची उदाहरणं. गुगल अर्थ तर आपल्या खऱ्या पृथ्वीचीच प्रतिकृती.

ऑनलाइन समुदाय म्हणजे एखाद्या कामासाठी इंटरनेटवर एकत्र आलेली माणसं. त्यांचं नातं बोलण्यातून आणि देवाणघेवाणीतून टिकतं.

महाराष्ट्रात हे कुठे झालं?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला माहीत आहेत. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर ९ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव झालं. पण त्यांचं दुसरं कामही तितकंच मोठं आहे. व्हिडिओ कॉलवरून त्यांनी देशोदेशीच्या वर्गांना आभासी सहली घडवल्या. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमात तर भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणाव असलेल्या देशांतली मुलं एकमेकांशी जोडली.

दुसरं उदाहरण फलटणचं. डॉ. सुगता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपापसात शिकतात हे दाखवलं. २०१३ च्या टेड पुरस्कारातून त्यांनी ज्या मोजक्या ‘स्कूल इन द क्लाउड’ खोल्या उभ्या केल्या, त्यातली एक फलटणच्या कमला निंबकर बालभवनात होती. त्यांच्या कामातूनच ‘ग्रॅनी क्लाउड’ तयार झाला. स्वयंसेवक दुरून मुलांशी गप्पा मारायचे. नाव आजीचं, पण सगळ्या काही आज्या नव्हत्या. काम मात्र आजीचंच: शिकवायचं नाही, ऐकायचं आणि म्हणायचं, “अरे वा! हे कसं केलंस? मला दाखव ना.”

आमचा पहिला कॉल फसला

डीएडच्या वेळचा माझा एक मित्र मुंबईत शिकवतो. आम्ही दोघांनी वर्ग जोडायचं ठरवलं. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि माझ्या मोबाइलचं नेट. रेंज खिडकीपाशीच येते, म्हणून सगळा वर्ग खिडकीशी.

पलीकडून प्रश्न आले, “तुम्ही जंगलात राहता का?” “वाघ येतो का?” मग कुणीतरी म्हणालं, “नाचून दाखवा ना!” मीच उत्साहाने मुलांना तारपा नाच करायला लावला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, कार्यक्रम छान झाला.

कॉल बंद झाल्यावर एका मुलीने विचारलं, “सर, आम्ही नाचलो. त्यांनी काय दाखवलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलांना जगाशी जोडायला निघालो होतो आणि त्यांना बघण्याची वस्तू करून बसलो होतो. चूक तंत्रज्ञानाची नव्हती, शहरातल्या मुलांचीही नव्हती. ती माझ्या नियोजनाची होती.

दुसऱ्या कॉलची तयारी

आता विषय ठरवला: पाणी. आधी आठवडाभर वर्गात काम केलं. गुगल अर्थवर मुलांनी शाळेचं छप्पर शोधलं, मग नदीच्या कडेकडेने पुढे गेली. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण पाहिलं. गुगल अर्थमध्ये १९८४ पासूनची जुनी चित्रं एकापाठोपाठ पाहता येतात. आधी नदीची बारीक रेघ, नंतर पसरलेलं पाणी. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी मुंबईला जातं, हे मुलांनी नकाशावर बोट ठेवून समजून घेतलं.

कॉलवर पहिला प्रश्न आमचा होता, “तुमच्या घरी पाणी कुठून येतं?”

“नळातून!”

“नळात कुठून येतं?”

पलीकडे शांतता. मग आमची तीच मुलगी म्हणाली, “आमच्या भागातनं येतं.” तिने पडद्यावर धरण दाखवलं. तेव्हा तिकडच्या एका मुलाने विचारलं, “मग तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर का येतो?”

या प्रश्नाचं सोपं उत्तर आम्हा दोन्ही शिक्षकांकडेही नव्हतं. म्हणून तोच पुढचा अभ्यास झाला. इकडच्या मुलांनी घरी रोज किती हंडे लागतात ते लिहिलं, तिकडच्यांनी किती बादल्या. दोन्हींचे लिटर केले. मापन, बेरीज, आलेख, परिसर अभ्यास सगळं त्यात आलं. आणि या वेळी नाचायला कुणी सांगितलं नाही.

वर्गात करायचं असेल तर

१. प्रश्न आधी ठरवा. नुसत्या ‘ओळखी’साठी कॉल नको.

२. दोन्ही वर्गांनी काहीतरी द्यावं आणि काहीतरी घ्यावं.

३. मुलं घरच्या बोलीत बोलली तर थांबवू नका. गरज पडली तर शिक्षकाने अर्थ सांगावा.

४. नेट जाणारच. चित्रं आणि नकाशे आधी उतरवून ठेवा.

५. कॉल वीस मिनिटांचा, तयारी आठवड्याची.

पालकांसाठी

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात फक्त पालक आहेत. मुलांचे फोटो, पूर्ण नाव, गाव बाहेर पाठवत नाही. कॉल रेकॉर्ड करायचा तर आधी पालकांना विचारतो. अनोळखी माणसाशी मूल एकटं बोलणार नाही, हा नियम पक्का.

आमच्याकडे दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात. गेल्या वर्षी गेलेल्या एका मुलाला मी वडिलांच्या फोनवर वर्गाचा प्रश्न पाठवत असे. उत्तर रात्री यायचं, मागे भट्टीवरचा आवाज. सकाळी वर्गात ते ऐकवलं की मुलं म्हणायची, “सर, तो हजर आहे.”

त्याने शाळा भरून निघाली असं मी म्हणणार नाही. वर्गातली त्याची जागा रिकामीच होती. पण तो परत आला तेव्हा त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. ऑनलाइन समुदायाकडून मी तरी एवढीच अपेक्षा ठेवतो.