जुने मेल नव्या मशीनवर नेताना किती पैसे मोजावेत?

‘सगळा डेटा घेतलाय, फॉरमॅट मारू का?’ दुकानातल्या पोराने असं विचारलं की रेणापूर असो वा लातूर, गिऱ्हाईक मान हलवून मोकळं होतं. मान हलवण्याआधी एक उलट प्रश्न विचारा : ‘मेलची फाइल घेतलीस का, आणि कुठून घेतलीस?’ पोरगा लबाड नसतो. पण त्याच्या लेखी डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह आणि फोटो. थंडरबर्ड किंवा जुनं आउटलुक अशा मेलच्या प्रोग्रामांतले मेल यांतल्या कशातच नसतात. ते सी ड्राइव्हवर तुमच्या नावाच्या फोल्डरात, अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या कप्प्यात असतात. तो कप्पा सहज उघडून दिसत नाही, म्हणून कॉपीही होत नाही. फॉरमॅटआधी लक्षात आलं तर काम काहीशे रुपयांचं असतं. नंतर लक्षात आलं तर आकडा कुठे थांबेल ते डिस्कवर अवलंबून.

हा विषय आत्ताच काढायचं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून वाढवून मिळणारी मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे आडत दुकानांतले, कृषी सेवा केंद्रांतले आणि शाळांच्या कार्यालयांतले कितीतरी चांगले चालणारे डबे एकदम बाद ठरले. नवीन लॅपटॉप घेताना ‘जुना द्या, एवढे कमी करतो’ असा एक्स्चेंजचा सौदा होतो आणि जुनी डिस्क मेलसकट दुकानात जाते. डबा द्यायचाच असेल तर द्या, पण हार्ड डिस्क काढून घेऊन द्या. भाव थोडा पडेल. पडू द्या.

खर्चाचा हिशेब मांडण्याआधी घरबसल्या, फुकटात करायची एक तपासणी आहे. मोबाइलच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही मशीनच्या ब्राउझरमधून तुमच्या मेलखात्यात शिरा आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा मेल शोधा. आलेला नव्हे, तुम्ही पाठवलेला. हे मुद्दाम सांगतोय. जुना प्रोग्राम आयमॅप पद्धतीने जोडलेला असेल तर मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात, मशीनवर फक्त त्यांची प्रत. पॉप पद्धतीने जोडलेला असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून घेतले जातात आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केलेली नसेल तर तिथून पुसलेही जातात. पॉपमध्ये पाठवलेले मेल साधारणपणे फक्त त्या मशीनवरच राहतात. म्हणून आलेले मेल ब्राउझरमध्ये दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. पाठवलेलेही सगळे दिसत असतील तर तुमचा खर्च शून्य. नव्या मशीनवर खातं जोडा, मेल आपोआप उतरतील. त्यासाठी कुणी ‘मेल ट्रान्सफर’चे हजार रुपये मागितले तर ते पैसे नुसतं नाव आणि पासवर्ड टाकण्याचे आहेत.

पाठवलेले दिसत नसतील, किंवा खातं जुन्या इंटरनेट कंपनीचं असून ते कधीच बंद पडलं असेल, तर मेल फक्त त्या जुन्या डिस्कवर आहेत असं धरून चाला. आता काम सुरू होतं.

हवेतच कशाला जुने मेल, असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारा. कंपनीचे दरपत्रक, योजनेची सूट, क्रेडिट नोट, सगळं मेलवर आलेलं असतं. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रं सांभाळावी लागतात. कोर्टात गेलात तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. मेल पुरावा म्हणून द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावी लागते. नुसत्या छापील कागदावर समोरचा वकील बोट ठेवू शकतो. मूळ फाइल, तिच्या शीर्षातल्या तारखा आणि सर्व्हरच्या नोंदींसकट, जपलेली बरी. बाकी मुलाने परदेशातून पहिल्या वर्षी लिहिलेल्या मेलला कायद्याचं कारण लागत नाही.

आता जुन्या मशीनवर कोणता प्रोग्राम होता ते पाहा. मेहनत त्यावर ठरते, आणि मजुरीही.

थंडरबर्ड असेल तर तुम्ही सुटलात. फुकट आहे, मराठी मेल नीट दाखवतं आणि सगळे मेल एका प्रोफाइल फोल्डरात ठेवतं. मदतीच्या मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून तो फोल्डर उघडतो. थंडरबर्ड बंद करून अख्खा फोल्डर कॉपी करा आणि नव्या मशीनवर त्याच जागी ठेवा. घरातल्या बारावीच्या पोराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

आउटलुकचे मेल पीएसटी या एका मोठ्या फाइलमध्ये असतात. २०१० आणि पुढच्या आवृत्तीत ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात सापडते, त्याआधी अ‍ॅपडेटात. कॉपी करताना आउटलुक पूर्ण बंद हवं. पेन ड्राइव्हची एक गोम इथेच आडवी येते. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फाइल ६ जीबीची, पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, तरी ‘जागा नाही’ किंवा ‘फाइल फार मोठी’ असा निरोप येतो आणि दुकानदार महागडी एक्स्टर्नल डिस्क पुढे करतो. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट करा. प्रश्न मिटतो आणि खर्च वाचतो.

आउटलुकमधला खरा खर्च मात्र पुढे आहे. नव्या लॅपटॉपवर ‘ऑफिस फुकट’ लिहिलेलं असतं ते ‘होम अँड स्टुडंट २०२१’ किंवा ‘होम २०२४’. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट येतं, जुन्या धाटणीचं आउटलुक येत नाही. मशीनवर दिसणारं नवं फुकट आउटलुक वेगळं. त्यात जाहिराती येतात आणि इतर कंपन्यांच्या खात्यांचे मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाऊन बसतात. पीएसटी उघडण्याचं त्याचं काम अजून अर्धवट आहे. जुनं आउटलुक हवं तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी हा एक मार्ग. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर एकट्याची वर्गणी वर्षाला ६,८९९ रुपये आहे, आणि ती दरवर्षी. फक्त जुने मेल वाचण्यासाठी एवढा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा जुन्या मशीनवर, जिथे आउटलुक अजून चालतंय तिथेच, थंडरबर्ड टाका, त्याच्या आयात सोयीने आउटलुकचे मेल ओढून घ्या आणि मग थंडरबर्डचा फोल्डर नव्या मशीनवर न्या. जुन्या मशीनवरचं आउटलुक हाच इथे पूल आहे. म्हणून आधी थंडरबर्ड, मग फॉरमॅट.

एक्सपीच्या काळातल्या आउटलुक एक्स्प्रेसवाल्यांनी जरा जपून. त्याचे मेल डीबीएक्स फाइलींत, प्रत्येक फोल्डरची वेगळी फाइल. प्रोग्राम बंद करताना कधीकधी ‘मेसेज कॉम्पॅक्ट करू का’ अशी खिडकी येते. आधी प्रत काढल्याशिवाय हो म्हणू नका. ते काम मध्येच अडलं, वीज गेली, तर फोल्डर रिकामा झालेला दिसतो. एक्सपीवर चालणारी थंडरबर्डची शेवटची मालिका ५२. ती टाकून तिच्यात मेल आयात करायचे आणि तयार झालेल्या फाइली नव्या थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवायच्या. विंडोज लाइव्ह मेल हा जुना प्रोग्राम असेल तर त्याच्या ईएमएल फाइली थंडरबर्डच्या ‘इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी’ या फुकट जोडणीने आत येतात.

सगळं जीमेलवर चढवून टाकू, असाही सल्ला मिळतो. वाईट नाही, पण आधी गणित करा. फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच फोटो आणि ड्राइव्ह. गुगलने वर्कस्पेस खात्यांसाठी जाहीर केलेली आयमॅपने चढवण्याची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे. त्या वेगाने ६ जीबी चढवायला बारा दिवस. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढू नका. जागा वाढवायची तर १०० जीबीला महिन्याला १३० रुपये, म्हणजे तोही चालू खर्चच. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, हे लक्षात असू द्या.

आता मराठी. दुकानदाराच्या ध्यानातच येत नाही अशी ही अडचण आहे. २००५-०६ च्या आसपासचे आपले मराठी मेल आणि त्यांना जोडलेली पत्रं युनिकोडमध्ये क्वचितच असायची. कुणाची श्री-लिपी, कुणाचा शिवाजी फॉन्ट, सरकारी कार्यालयांत डीव्हीबी-टीटी सुरेख. या फाइलींत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यावर मराठीचा वेश चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की शाळेचा जुना ठराव आणि कौटुंबिक पत्रिका दोन्ही सारखेच अगम्य दिसतात. लोक म्हणतात, मेल खराब झाले. झालेले नसतात. जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हवर विंडोजमधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात जाऊन हे फॉन्ट मेलबरोबरच उचलून आणा. काही फॉन्ट विकतचे, परवान्याचे असतात. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने न्यावेत. महत्त्वाची पत्रं रूपांतरकाने युनिकोड करून घ्या, पण मूळ फाइल ठेवा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. याउलट युनिकोडचा मेलच भलत्याच अक्षरांत दिसत असेल तर थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

पैशांचं बोलू. डिस्क चालू असेल, मशीन उघडत असेल, तर मेल शोधून, कॉपी करून, नव्या प्रोग्रामात उघडून दाखवणं हे माहीतगाराचं दोन-तीन तासांचं काम. त्याला ५०० ते १,००० रुपये वाजवी. आउटलुक एक्स्प्रेससारखं किचकट प्रकरण असेल तर १,५०० पर्यंत द्यायला हरकत नाही. मशीन बंद पण डिस्क शाबूत असेल तर डिस्क यूएसबीला लावणारी केबल ढोबळमानाने ३०० ते ८०० रुपयांत येते. फार जुन्या, रुंद पट्टीच्या आयडीई डिस्कला वेगळी केबल लागते, ते विचारूनच घ्या. ही केबल दुकानाकडे असतेच, तुम्हाला विकत घ्यायला लावू नये. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ती पुन्हा सुरूच करू नका. ते काम पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळांचं. बिल पाच आकडी होऊ शकतं, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या आणि ‘काही निघालं नाही तर किती’ हेही लिहून घ्या.

नेटवर विकत मिळणारे ‘कन्व्हर्टर’ फुकट म्हणून उतरवावेत तर फोल्डरमागे मोजकेच मेल काढून देतात आणि बाकीच्यांसाठी हजारो रुपये मागतात. त्यांची चोरटी आवृत्ती टाकून देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा, लिनक्स वापरणारा पोरगा ओळखीचा असेल तर ‘रीडपीएसटी’ नावाच्या फुकट साधनाने तो पीएसटी मोकळी करून देईल.

रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर. पिंपळ फाट्यावरून एसटी मिळते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, पासष्टनंतर अर्धं, महिलांना अर्धं. त्यामुळे प्रवासाच्या खर्चाची धास्ती नको, पण मशीन दुकानात टाकून येण्यापेक्षा समोर बसून काम करून घेतलेलं बरं. पासवर्ड स्वतः टाका. ओटीपी मोठ्याने वाचून दाखवू नका. जीमेल जुन्या प्रोग्रामात नेहमीचा पासवर्ड घेत नसेल तर दुहेरी पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. मे २०२२ अखेरीपासून तसाच नियम आहे, दुकानदाराची चूक नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजही तुमच्याच खिशात आहे ना, हे घरूनच पाहून निघा.

पैसे देण्याआधी तिथल्या तिथे तीन गोष्टी उघडून बघा : सर्वात जुना मेल, पाठवलेल्यांतला एखादा, आणि जोडपत्र असलेला एखादा मराठी मेल. जोडपत्र नुसतं दिसून भागत नाही, उघडलं पाहिजे. जुन्या आणि नव्या मशीनवरचा प्रत्येक फोल्डरचा आकडा जुळवा. नवे मेल येताहेत म्हणजे जुने आले असं नाही. खातं जोडलं की नवे येतातच. बिल मागा, आणि त्यावर नुसतं ‘सर्व्हिस चार्ज’ नको, ‘जुन्या मशीनवरील मेल नव्या मशीनवर आणणे’ असं काम लिहून घ्या. नोंदणीकृत दुकान १८ टक्के जीएसटी लावेल, तो धरूनच भाव ठरवा.

न विचारता फॉरमॅट मारून मेल घालवले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे पहिला कागद मागतील तो ते बिल.