गृहपाठ आणि न शिकलेले घर

पहिली-दुसरीतील मुलांच्या गृहपाठाचा विषय पालकसभेत निघाला की बहुसंख्य माता-पित्यांच्या माना खाली जातात. "आम्ही कुठं शिकलो, गुरुजी? आम्ही काय सांगणार पोराला?" हे उत्तर ठरलेलेच. मुकुटबन आणि एकूणच झरी-जामणी तालुक्यातील मजूर, शेतकरी व कोलाम पोडावरील कुटुंबांच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु या उत्तरामागे एक गृहीत दडलेले आहे, आणि ते तपासून पाहिले पाहिजे. ज्याला वाचता येते तोच मुलाच्या अभ्यासाला साहाय्य करू शकतो, असे ते गृहीत होय.

याबाबत शासनाचे धोरण काय सांगते? शालेय दप्तराविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, आणि तिसरी ते पाचवीला तो आठवड्यातून दोन तासांपेक्षा अधिक नसावा, असे सुचविले आहे. तरीही एकच धडा पाच वेळा उतरवून आणण्याची प्रथा कित्येक ठिकाणी सुखेनैव चालू आहे. असे लेखन बहुधा थोरली बहीण करून देते. त्यातून अक्षर सुधारले तर तिचे सुधारते!

अभ्यासाच्या घरगुती पाठबळाचे आपल्यासमोरचे सर्वोच्च उदाहरण सुभेदार रामजी आंबेडकरांचे आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे बिऱ्हाड. रात्री अभ्यासास निवांतपणा नाही, म्हणून भीमरावांना लवकर निजवून पहाटे दोनच्या सुमारास उठविण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला होता. पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित मुलींकडून उसने पैसे आणले. आपण हा इतिहास अभिमानाने सांगतो. पण रामजी स्वतः सैन्यातील शाळेत मुख्याध्यापक होते, हे सांगावयास विसरतो. कापूस वेचून परतलेल्या आईपुढे हा आदर्श तसाच्या तसा ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र त्या आदर्शाचे दोन भाग करता येतात. इंग्रजीचे पाठ करून घेणे हा एक भाग. त्याला शिक्षण लागते. अभ्यासाची वेळ ठरविणे, त्या वेळी घर शांत ठेवणे आणि आपण स्वतः जागे राहणे हा दुसरा. त्याला अक्षरओळख लागत नाही.

आणखी मागे जाऊ या. मातंग समाजाच्या मुक्ताने वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. ती फुले दांपत्याच्या शाळेत अवघी तीन वर्षे शिकली होती. तिच्या समाजाला पिढ्यानुपिढ्या अक्षरांपासून दूर ठेवलेले. परंतु निबंधाचा मजकूर तिने आपल्या माणसांच्या जगण्यातून उचलला होता. घरी अक्षरे नसली तरी सांगण्याजोगे पुष्कळ असते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी-बालबोध व हिशेब यांच्यासोबत शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले, तेही शाळा आणि घर यांतील ही दरी ओळखूनच, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. पहिलीच्या मुलाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि आजीने ऐकावे. वाचून झाल्यावर आजीने एवढेच विचारावे, "बाळा, यात काय झालं ते मला सांग." ज्याला वाचता येते अशा वडिलांसमोर मूल अडखळले की वडील चटकन शब्द पुरवितात आणि मुलाचा प्रयत्न तेथेच थांबतो. आजी शब्द पुरवू शकत नाही. मुलाला स्वतःच तो जुळवावा लागतो, वर अर्थही समजावून सांगावा लागतो. येथे आजीचे न शिकलेपण मुलाच्या उपयोगी पडते. मूल कोलामीत किंवा तेलुगूत अर्थ सांगू लागले, तर त्याला रोखू नये. अर्थ कळला आहे याचाच तो पुरावा आहे.

गणिताच्या बाबतीत तर आपल्या सीमाभागाची स्थिती मोठी रोचक आहे. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. म्हणून दुसरीतील मूल ४७ ऐवजी ७४ लिहून मोकळे होते. याच कारणाने बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती आणली, आणि केवढा गदारोळ उठला! तेलुगूत मात्र एकवीसला 'इरवै ओकटि', म्हणजे वीस-एक असेच म्हणतात. बाजारात तेलुगू बोलणाऱ्या विक्रेत्याशी भाव करणाऱ्या आईच्या तोंडी ही रचना असतेच. ती मुलासमोर मोठ्याने म्हणावी. तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून चार जुडगे आणि सात सुट्या काड्या मुलापुढे ठेवाव्यात. उलटसुलट लिहिण्याची खोड हळूहळू जाते.

घरातील वस्तूने शिकविणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध बालवयाच्या राहुलाला खोटे बोलण्याचे दुष्परिणाम समजावून सांगतात, ते पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात आणि प्रत्येक कृतीनंतर राहुलाला विचारतात, हे तुला दिसते का? सम्राट अशोकाने बैराटजवळच्या भाब्रू शिलालेखात ज्या मोजक्या उपदेशांचे श्रवण-मनन करावयास सांगितले, त्यांत या राहुलोवादाचा उल्लेख आहे. भांडे, पाणी आणि प्रश्न, एवढ्या साहित्यावर तो पाठ उभा राहिला.

निवासी शाळेत वसतिगृह हेच घर असते. सायंवंदनेनंतरच्या अभ्यासिकेत पहिलीतील मुलाशेजारी सातवी-आठवीचा विद्यार्थी बसवावा. त्याने केवळ ऐकावे, लिहून देऊ नये. अधीक्षकांनी वह्यांतील पाने मोजण्याऐवजी एकेका मुलाकडून चार ओळी वाचून घ्याव्यात. वेळ तेवढाच लागतो.

दिवाळीची सुटी नेमकी कापूस वेचणीच्या हंगामात येते आणि लहानगीसुद्धा शेतावर जातात. त्यांच्याकडून वेचणी करून घेऊ नये. पण काट्यावर आईचा कापूस किती किलो भरला, बाबांचा किती, दोघांत फरक किती, हे मात्र त्यांनी रोज वहीत लिहावे. सुटीचा गृहपाठ म्हणून आम्ही एवढेच मागतो. मालकाच्या नोंदीशी ते आकडे जुळतात की नाही, हेही पालकांनी मुलाकडूनच तपासून घ्यावे.