शुश्रूषेचे दायित्व : विनय, जामखेड आणि आपले वसतिगृह

रुग्णालय, वृद्धाश्रम, बालगृह आणि वसतिगृह या संस्थांची रूपे भिन्न असली तरी त्यांचे मूळ कार्य एकच आहे. ज्याला त्या घडीस स्वतःची काळजी घेता येत नाही, त्याची काळजी घेणे हे ते कार्य होय. अशा संस्थांत करुणेची वानवा क्वचितच असते; तेथे येणारी माणसे बहुधा चांगलीच असतात. तरीही कुणी रुग्ण तहानलेला पडून राहतो, एखादे मूल अंगात ताप घेऊन रात्र काढते. याचे कारण शोधू गेल्यास बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते. काम सर्वांचे असते, परंतु ते नेमके कुणाचे, हे ठरलेले नसते. हे ठरविणे, ज्याच्यावर काम सोपविले त्याला समर्थ करणे आणि त्याच्या श्रमाचा योग्य वाटा त्याला देणे, ही सेवासंस्थेतील नेतृत्वाची तीन कर्तव्ये होत. दोन उदाहरणांच्या आधारे त्यांचा विचार करू.

विनयातील धडा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत असता, अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. शुश्रूषेला कुणी आहे काय, असे विचारता त्याने नकार दिला. आपला इतरांना काही उपयोग होत नाही, म्हणून कुणी आपली सेवा करीत नाही, असे कारण त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून, एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून, त्याला मंचकावर निजविले.

हा प्रसंग आपण धम्मदेशनेत अनेकदा ऐकतो आणि बहुधा येथेच थांबतो. संस्था चालविणाऱ्यांसाठी मात्र खरा धडा पुढे आहे. तथागतांनी संघाला एकत्र बोलाविले आणि विचारणा केली. घर सोडून आलेल्यांना येथे आई नाही, वडील नाहीत. एकमेकांची शुश्रूषा आपण केली नाही तर ती करणार कोण, असे त्यांनी भिक्खूंना विचारले. त्यानंतर नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य वा सहाध्यायी असेल तर त्याने शुश्रूषा करावी; यांपैकी कुणीच नसेल तर ती संपूर्ण संघाची जबाबदारी; आणि ती टाळणे हा दोष. एका रुग्णाची सेवा त्या दिवशी तथागतांच्या हातून झाली. नियमामुळे पुढील प्रत्येक रुग्णाची सोय झाली.

चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणेही तेथे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय व अपथ्य काय हे त्याने जाणावे. सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस मानू नये. आणि वेळोवेळी धीर देणारे बोल बोलावेत. या यादीत मैत्री आहे, तसेच ज्ञान आणि कौशल्यही आहे. नुसत्या सद्भावनेवर रुग्ण सोपविता येत नाही. रुग्णाकडूनही अपेक्षा आहेत. त्याने औषध घ्यावे, पथ्य पाळावे आणि आपला आजार शुश्रूषकाला आहे तसा सांगावा.

आणखी एक नियम विशेष लक्षणीय आहे. आजारी भिक्खूचे निधन झाल्यास त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, आणि शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा मिळावा. पदाने सर्वांत लहान असलेल्याच्या श्रमाची किंमत येथे कमी धरलेली नाही.

जामखेडचा अनुभव

हीच तत्त्वे आधुनिक काळातील एका कार्यातही दिसून येतात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न फारसा साधला नाही. बाहेरून आलेल्या व्यक्तीवर गावाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्याच गावातील स्त्रियांना शिकवावे, असे ठरले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या.

या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, शिकत आणि आपापल्या गावचे अनुभव मांडीत. सुरक्षित बाळंतपण, बालकांचे वजन, जुलाबात द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी, क्षयरोग व कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे, असे ज्ञान त्यांनी आत्मसात केले. अवघड रुग्ण आला की त्यामागे जामखेडचे रुग्णालय, परिचारिका व डॉक्टर उभे असत. १९७९ साली आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या यशाचे मर्म कशात होते? डॉक्टराने आपले ज्ञान स्वतःपाशी न राखता रुग्णाच्या सर्वांत जवळच्या माणसापर्यंत पोहोचविले. असे करणे सोपे नसते. आपण शिकविले तर आपले महत्त्व कमी होईल, ही भीती प्रत्येक शिकलेल्या मनात कोठेतरी दडलेली असते. ती जिंकणे हे नेतृत्वाचे मोठे लक्षण आहे. पुढे २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगावी ‘आशा’ सेविका नेमल्या गेल्या. आज आपल्या अनेक भगिनी हे काम करतात. त्यांचे कौतुक होते. परंतु योग्य मानधनासाठी त्यांना वारंवार आंदोलन करावे लागते. श्रामणेराच्या समान वाट्याचा नियम येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्या वसतिगृहासाठी

निवासी शाळा हीसुद्धा शुश्रूषा करणारी संस्था आहे. आई-वडिलांपासून दूर आलेल्या मुलांना येथे एकमेकांवाचून व आपणावाचून कुणी नसते. मूल आजारी पडते तेव्हा ते प्रथम मुख्याध्यापकांच्या लक्षात येत नाही. ताटातला भात तसाच राहिला, हे वाढणाऱ्या मावशींना दिसते. रात्री कुणी दोनदा उठले, हे चौकीदाराला ठाऊक असते. शेजारच्या अंथरुणावरचा मित्र कुडकुडतो आहे, हे मुलालाच कळते. या माणसांना बोलण्याची जागा आहे का, आणि त्यांचे बोलणे ऐकून त्याच रात्री निर्णय घेणारा कुणी आहे का, यावर मुलाची सुरक्षितता अवलंबून असते.

यास्तव चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक खोलीतील मुलांसाठी एक प्रौढ व्यक्ती नावानिशी नेमलेली असावी, आणि ती रजेवर असता तिची जागा कोण घेणार, हेही लिहिलेले असावे. गृहपाल, शिक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार यांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत सर्वांत कनिष्ठ पदावरील व्यक्तीने प्रथम बोलावे. ताप मोजणे, जुलाबात पाणी देणे, कोणत्या लक्षणांवर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा, हे या सर्वांना शिकविलेले असावे. आणि वर्षाअखेरीस सत्कार होतील तेव्हा स्वयंपाकघरातील माणसे मंडपामागे राहू नयेत. त्यांच्या वेतनाचा व रजेचा विचारही तितक्याच आस्थेने व्हावा.

पालकांनी मुलाचा पूर्वीचा आजार, चालू असलेले औषध, न सोसणारे अन्न या गोष्टी प्रवेशाच्या वेळी मोकळेपणाने सांगाव्यात. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने काही पालक त्या लपवितात. ही भीती दूर करणे शाळेचे काम आहे. मुलांनाही शिकवावे की, बरे वाटत नाही हे सांगणे दुबळेपणाचे नसून शुश्रूषा करणाऱ्याला केलेले साहाय्य आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज परिचारिका, शिक्षक, आरोग्यसेवक, कार्यालयप्रमुख आहेत. आपण जेथे असाल, तेथे आपल्या विभागातील सर्वांत दुर्बल माणसाची काळजी कुणाच्या नावावर आहे, हे एकदा तपासून पाहावे. तेथे नाव नसेल, तर नेतृत्वाचे काम त्याच ठिकाणी आपली वाट पाहत आहे.