रक्ताचा कर्करोग : पेशींच्या अभ्यासाने दिलेला धडा

रक्ताच्या कर्करोगावर उपचार सुरू झालेले मूल पहिल्या महिन्यानंतर पुष्कळदा हसू-खेळू लागते. ताप उतरतो, अन्नाची रुची परत येते, तपासणीत रोगट पेशी दिसेनाशा होतात. नेमक्या याच वेळी घरची मंडळी विचारतात, "पोर बरे झाले, आता पुन्हा मुंबईस कशाला जायचे?" पेरणी तोंडावर आलेली असते किंवा ऊसतोडीस निघावयाचे असते. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, परिस्थितीचा आहे. त्याचे उत्तर ल्युकेमियाच्या पेशींवरील संशोधनात सापडते.

आपल्या राज्यात या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आदराने घेतले जाते. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ल्युकेमिया, स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग कसा उद्भवतो हे समजण्यासाठी त्यांनी प्राण्यांवर अभ्यास केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण लाभले. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचाही त्यांनी अभ्यास केला, ही गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस विशेष जवळची वाटावी.

उंदरांवरील अशाच अभ्यासातून १९६४ साली अमेरिकेत हॉवर्ड स्किपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. ल्युकेमियाची एकच जिवंत पेशी उंदराच्या शरीरात सोडली, तरी ती वाढत जाऊन त्याचा प्राण घेऊ शकते. दुसरे असे की, औषधाची प्रत्येक मात्रा पेशींची ठरावीक संख्या नव्हे, तर ठरावीक हिस्सा नष्ट करते. शंभरातील नव्याण्णव पेशी मेल्या, तर एक उरते. एक लाखातून एक हजार उरतात.

निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात अशा पेशी सुमारे एक लाख कोटी असू शकतात. त्यांतील हजारात नऊशे नव्याण्णव मेल्या, तरी शंभर कोटी शिल्लक राहतात आणि त्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत आढळतीलच असे नाही. शेतातील हरळी वरून खुरपली तरी जमिनीतील काशी पुन्हा फुटते, तसेच हे आहे. म्हणूनच मुलांमधील तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. प्रगत देशांत अशी दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. अर्धवट सोडलेला उपचार मात्र रोगास परत येण्याची वाट मोकळी करून देतो आणि परतलेला रोग अधिक चिवट असतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. येथील आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो कर्करोग नव्हे. परंतु फिकेपणा व हाडांतील वेदना ही लक्षणे दोन्हींत दिसतात. त्यामुळे "हे सिकलसेलचेच" असे गृहीत धरू नये. सतत ताप, हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग किंवा मानेत, काखेत गाठी दिसल्यास रक्ताची संपूर्ण तपासणी विनाविलंब करून घ्यावी. ल्युकेमिया स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळही नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांचा औषधोपचारांचा भार हलका झाला आहे. तरीही अक्राणी वा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मुंबईस वारंवार जाणे, तेथे राहणे आणि बुडालेली मजुरी यांचा बोजा कुटुंबावरच पडतो. देणगीदारांनी दिलेले प्रवासभाडे, मुक्कामाची सोय किंवा रक्तबिंबिकांचे दान म्हणूनच औषधाइतकेच मोलाचे आहे.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मूल हसू लागले म्हणजे अर्धी वाट सरली. उरलेली वाट त्याचा हात धरून पूर्ण करावी.