मराठीतील स्वामित्वदर्शक वाक्ये आणि विभक्ती



'चा, ची, चे' हे षष्ठीचे प्रत्यय संबंध दाखवतात, हे आपण विभक्तींच्या तक्त्यात पाहिले. त्यावरून मालकी सांगण्याचे काम केवळ षष्ठीच करते, असा समज होऊ शकतो. तो तपासण्यासाठी पुढील वाक्ये पाहा.

(१) मला दोन भाऊ आहेत.
(२) माझ्याजवळ शंभर रुपये आहेत.
(३) हे घर माझे आहे.

इंग्रजीत पहिल्या दोन वाक्यांना 'हॅव' हे एकच क्रियापद पुरते. मराठीत तसे क्रियापद नाही. तिन्ही ठिकाणी 'असणे' येते आणि संबंधाचा प्रकार नामाच्या किंवा सर्वनामाच्या रूपावरून कळतो. नातेवाईक, अवयव असे सहसा दुसऱ्याला न देता येणारे संबंध चतुर्थीने व्यक्त होतात. हाती असलेल्या वस्तूंसाठी सामान्यरूपाला 'जवळ' किंवा 'कडे' जोडले जाते. विशिष्ट वस्तू कोणाची, हे षष्ठी सांगते. म्हणूनच 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' याचा अर्थ 'ते माझ्यापाशी राहतात' असा होतो.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. 'त्याला चार एकर जमीन आहे' या वाक्यातून मालकी सूचित होते. 'त्याच्याकडे चार एकर जमीन आहे' यातील जमीन स्वतःची असू शकते, तशीच बटईने केलेलीही असू शकते. अर्ज किंवा जबानी लिहिताना एका प्रत्ययाने अर्थ बदलतो.

आता शेजारच्या भाषा पाहू. हिंदीत 'मेरे दो भाई हैं' अशी षष्ठी येते. देगलूर-बिलोलीच्या सीमेपलीकडील तेलुगूत मात्र भावांसाठी 'नाकु' (मला) आणि पैशांसाठी 'ना दग्गर' (माझ्याजवळ) वापरतात. उदगीरपलीकडे बिदर भागातील कन्नडमध्येही 'ननगे' आणि 'नन्न हत्तिर' अशीच विभागणी आहे. या बाबतीत मराठी हिंदीपेक्षा दक्षिणेकडील शेजाऱ्यांना जवळची आहे. नांदेड-लातूरच्या द्विभाषिक कुटुंबांत हे साम्य रोज ऐकू येते.

'हॅव'सारखे क्रियापद नसणे हे भाषेचे न्यून नव्हे. केल्टिक कुळातील आयरिश भाषा 'आहे पुस्तक माझ्यापाशी' अशी रचना करते, तर हिब्रू 'येश ली' म्हणजे 'आहे मला' असे म्हणते. या दोन्ही भाषांत संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतो आणि सर्वनामाशी एकरूप होतो. मराठीत तो नंतर येतो.

सारांश, प्रत्यय पाठ करण्याबरोबरच तो कोणता संबंध दाखवतो, हे पाहणे आवश्यक आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. 'मला एक बहीण होती' या वाक्यात क्रियापद कोणत्या शब्दाप्रमाणे चालते? त्यावरून 'मला' या पदाविषयी काय म्हणता येईल?
२. आपल्या घरातील बोलीतून वरील तिन्ही प्रकारांची प्रत्येकी दोन वाक्ये नोंदवा आणि त्यांतील विभक्ती स्पष्ट करा.