परीक्षेच्या दिवसांतले पोटदुखणे

सतरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार एकच, पोटात दुखते. सकाळी क्लासला निघायच्या वेळी कळ येते, मळमळते, दोन-तीनदा शौचाला जावे लागते. सुट्टीच्या दिवशी मात्र दुखत नाही. मी पोट तपासले आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा जंताचे औषध दिले. तिसऱ्या खेपेस रक्त, लघवी आणि सोनोग्राफी झाली. सारे नॉर्मल! वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादं भारी टॉनिक लिहून द्या. स्मरणशक्तीही वाढली पाहिजे. मे महिन्यात नीट आहे."

सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, हे मुलाने पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. चूक माझी होती. त्या दिवशी मी वडिलांना दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले.

हे ढोंग नव्हे

"शाळा बुडवायची नाटकं आहेत," असे पालक सहज म्हणून जातात. पण ही दुखणी खरी असतात. मेंदू आणि आतडी यांचा नसांद्वारे सतत संपर्क असतो. मनाला धास्ती बसली की अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, आतड्यांची हालचाल बिघडते. वाघ समोर आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण वाघ दर आठवड्याच्या चाचणीच्या रूपाने येऊ लागला, तर शरीर थकते. मग पोटदुखी, डोकेदुखी, भूक मंदावणे, झोप उडणे, चिडचिड, पाठ केलेले ऐनवेळी न आठवणे असे सगळे सुरू होते.

अर्थात प्रत्येक पोटदुखी मनाची नसते. ताप, वारंवार उलट्या, शौचावाटे रक्त, वजन घटणे, झोपेतून उठवणारी कळ किंवा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस वाढत जाणारी वेदना असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच.

टॉनिकने गुण वाढतात का?

या हंगामात सर्वांत जास्त विचारला जाणारा हा प्रश्न. उत्तर सरळ आहे : नाही. रक्त कमी असेल किंवा बी-१२ ची कमतरता तपासणीत दिसली, तर तिचा उपचार जरूर करावा. पण निरोगी मुलाची बुद्धी वाढवणारी बाटली कोणत्याही दुकानात मिळत नाही. स्मरणशक्तीला लागते ती झोप. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. आमचा हा मुलगा जेमतेम साडेचार तास झोपत होता आणि रात्री तीनदा चहा पीत होता.

बंद दाराआड

वडील बाहेर गेल्यावर मुलगा बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी क्लासच्या फीसाठी अर्धा एकर विकला. मला फिजिक्स समजत नाही, हे आता कोणत्या तोंडानं सांगू?" मी विचारले, "कधी जगू नये, असं वाटतं का?" तो रडू लागला आणि मान हलवून "हो" म्हणाला.

असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसता विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून त्याचे ओझे हलके होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही. एकाच कारणाने असे सहसा घडतही नाही. पण हा आकडा कानाआड टाकण्यासारखा नाही.

मी त्याला सांगितले, "ही गोष्ट मी एकटा पोटात ठेवणार नाही. तुझ्यासमोरच बाबांना सांगू."

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "तुम्ही नाही का झालात डॉक्टर? आम्ही स्वप्नंच बघायची नाहीत का?"

प्रश्न रास्त होता. स्वप्न जरूर बघावे. पण हिशेबही बघावा. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. म्हणजे वीसजणांत एकाला जागा. उरलेले एकोणीस नालायक असतात काय? माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी कोणी शिक्षक आहे, कोणाची रोपवाटिका आहे, कोणी बँकेत आहे. संसार सगळ्यांचे झाले.

पालकांनी काय करावे?

१. शेजारच्या मुलाशी किंवा थोरल्या बहिणीशी तुलना बंद करावी. घरात शिरल्याबरोबर "किती पडले?" हा पहिला प्रश्न नसावा. "जेवलास का?" हा असावा.

२. "तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं" याचा पाढा परीक्षेच्या तोंडावर वाचू नये. मुलांना ते ठाऊक असते. त्याच ओझ्याने ती वाकलेली असतात.

३. रात्री अकराच्या आत दिवा मालवावा. मोबाईल उशाशी नको, पालकांचाही नको. रोज अर्धा तास सायकल किंवा मैदान.

४. दुसरी वाट आधीच ठरवून मुलाला सांगावी. दहावी-बारावीत विषय राहिला तर पुरवणी परीक्षा आहे. वर्ष गेले तरी आयुष्य जात नाही, हे निकालाच्या आधी बोललेले बरे.

५. मूल एकलकोंडे झाले, जेवण तुटले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, "मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल" असे बोलू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीतून बोलता येते. मुलांनीही हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

त्या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. काही महिने उपचार चालले. वडील दर भेटीला बरोबर जात. त्यासाठी दुकानातली अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे, पण त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. नीटमध्ये मुलाला जागा मिळाली नाही. आता तो बी.एस्सी.ला आहे. पोट दुखत नाही. परवा सर्दीसाठी बाप-लेक आले होते. वडिलांनी टॉनिक मागितले नाही.

वाचकहो, आज रात्री जेवताना मुलाला अभ्यासाचे काही विचारू नका. नुसते जवळ बसा. ते आपणहून बोलू लागले, तर मधे न तोडता ऐका.