नवी रॅम लावली आणि डिस्प्ले गेला

हे बघ भाच्या, उद्यापासून काउंटरवर तू एकटा. कुणीतरी कॅबिनेट उचलून आणणार आणि सांगणार, ‘रॅम वाढवली, आता पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही. मदरबोर्डच उडाला वाटतं.’ मान डोलव, पण निदान त्याचं धरू नकोस.

सगळ्यात आधी नवी रॅम काढ. जुनी जिथे होती त्याच स्लॉटमध्ये लाव आणि मशीन चालू कर. चालू झालं तर बोर्ड उडालेला नाही, एवढं कळलं. नाही झालं तर रॅमच्या मागे लागू नकोस. आत हात घालताना काय ढिलं झालं ते शोध. प्रोसेसरजवळची पॉवरची केबल बघ, ग्राफिक्स कार्ड बघ. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टला लावून आलेले महाभागही भेटतील.

आत हात घालण्याआधी प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. यात आळस नको.

रॅम बसत नसेल तर जोर लावू नकोस, आधी खाच बघ. डीडीआर3ला 240 पिना, डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288. पण तिघींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जातच नाही. खाच जुळली की दोन्ही टोकांना सारखं दाब. हल्ली बऱ्याच बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे बिनक्लिपची बाजू अर्धवट वर राहिलेली चटकन लक्षात येत नाही. निम्म्या केसेस इथेच मिटतात. पिना काळवंडल्या असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरव आणि चुरा ब्रशने झाड. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

चार स्लॉट असतील आणि रॅम दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. तरी मॅन्युअल बघच.

एवढं करूनही काळा पडदा असेल तर एका वेळी एकच रॅम, एकाच स्लॉटमध्ये लावून बघ. मग चालणारी रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये फिरव. दोष रॅमचा की स्लॉटचा, ते वेगळं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर काहीच कळणार नाही.

डीडीआर5 असेल तर मात्र थांबायला शिक. नवी रॅम लावल्यावर बोर्ड तिची जुळणी करत बसतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो, कधी कित्येक मिनिटं. गिऱ्हाईक घाबरून बटण दाबतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चालू कर आणि सरळ चहाला जा.

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू असेल तर बंद कर. स्टिकरवरचा वेग बहुतेक वेळा त्या प्रोफाइलचा असतो, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र त्या वेगाने चालतीलच असं नाही. बायोसपर्यंतही पोचता येत नसेल तर प्लग काढून सीआर2032 सेल थोडा वेळ बाहेर ठेव. पण त्याआधी गिऱ्हाईकाला बिटलॉकरची रिकव्हरी की विचारून घे; सेटिंग पुसल्यावर विंडोज ती मागू शकतं.

मशीन चालू झालं म्हणून लगेच बिल फाडू नकोस. मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह लावून रात्रभर सोड. सगळ्या सेटिंग साध्या ठेवूनही त्याच रॅमवर पुन्हा एरर आली तर ती रॅम परत पाठवायची. चांगल्या कंपन्या रॅमवर बरीच वर्षं वॉरंटी देतात, काही तर आयुष्यभराची. म्हणून गिऱ्हाईकाला बिल आणि डबी जपून ठेवायला सांगत जा.